इटलीत दोन आठवडे, तीन मुक्काम

इटलीला जायचं म्हटलं की यादी आपोआप तयार होते: मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसा, रोम, नेपल्स. दोन आठवड्यांत हे सगळं बसवता येतं, पण त्यातला बराच वेळ बॅगा भरण्यात आणि खोलीचा ताबा मिळेपर्यंत ताटकळण्यात जातो. आमच्याबरोबर आई होती. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखरे, हौस मात्र दांडगी. म्हणून मोठी शहरं सरळ वगळली आणि परतीच्या आदली रात्र सोडली तर तीनच ठिकाणी राहिलो: लुक्का, मग पिएंत्साजवळचं एक शेतघर आणि शेवटी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यातलं चित्ता दी कास्तेल्लो. निवांत फिरायचं असेल तर दोन आठवड्यांत याहून जास्त मुक्काम ठेवू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

आम्ही मे महिन्यात गेलो. तेव्हा तोस्काना (टस्कनी) प्रांतातला गहू हिरवागार असतो, बांधांवर लाल पॉपी फुललेल्या असतात आणि उजेड रात्री साडेआठपर्यंत टिकतो. जून सरता सरता कापणी होते आणि टेकड्या पिवळ्या पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असतं. १५ ऑगस्टच्या आसपास तर इटालियन लोक स्वतःच सुटीवर जातात आणि बरीच दुकानं बंद असतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो लवकर करा, कारण भेटीची वेळ मिळायलाच उशीर होतो. किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो.

लुक्काला चार-पाच रात्री द्या. पिसाहून लोकल गाडीने अर्ध्या तासात पोचता येतं. गाव सपाट आहे, गुडघेदुखी असलेल्यांना फार मोठा दिलासा. गावाभोवतीचा तट चार किलोमीटरांहून थोडा जास्त लांब आणि एवढा रुंद की त्यावर झाडांच्या रांगा, बाकं आणि सायकलींचा रस्ता आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात शत्रूसाठी बांधलेल्या या तटावर शत्रू कधी चालून आलाच नाही. १८१२ साली सेर्कियो नदीला पूर आला तेव्हा मात्र वेशी बंद करून याच तटाने गाव वाचवलं. आई रोज सकाळी तिथे फेरी मारायची. तिसऱ्या दिवशी तिथली एक आजी तिला ‘बोन्जोर्नो’ म्हणायला लागली, आणि एकाच जागी राहिल्याचं सार्थक झालं. संगीतकार पुच्चिनीचा जन्म इथला, १८५८चा. सान जोव्हान्नी चर्चमध्ये संध्याकाळी त्याच्या रचनांच्या मैफली होतात, एक नक्की ऐका.

लुक्कात चेचिना खा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजतात आणि वर मिरपूड घालून देतात. चव थेट आपल्या बेसनाच्या धिरड्याची. शाकाहाऱ्यांनी रिबोल्लिता (पाव, घेवडा आणि पालेभाजीचं दाट सूप), पाप्पा अल पोमोदोरो (टोमॅटो आणि पावाचं सूप) आणि लसूण-टोमॅटोच्या रश्शातली जाडसर पिची (शेवयांसारखा पास्ता) ही नावं लक्षात ठेवावीत. सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेलं नाही ना, हे दर वेळी विचारा. ‘मांस नको’ एवढं सांगितलं की मांसाचे तुकडे टळतात, ते पाणी टळतंच असं नाही. पार्मेजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनेच (दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने) बनतं, आणि पेकोरीनोही बरेचदा प्राण्यांच्याच रेनेटने. कडक शाकाहारी असाल तर वनस्पतिजन्य रेनेटचं चीज मागा, दुकानात मिळतं. तोस्कानातल्या पावात मीठ नसतं, त्यामुळे पहिल्या घासाला पाव फसल्यासारखा वाटेल.

पुढे गाडी हवीच, खेड्यांतल्या बस फारच विरळ. आम्ही लुक्काहून फ्लॉरेन्सला रेल्वेने गेलो, ट्रामने विमानतळ गाठला आणि तिथून भाड्याची गाडी घेतली, म्हणजे शहरात गाडी घालावीच लागली नाही. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना आधीच काढून न्या. गिअर नसलेली गाडी हवी तर महिनोन्‌महिने आधी सांगा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ‘झेडटीएल’ची पाटी. जुन्या गावांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरा फोटो घेतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं. गाडी तटाबाहेरच्या पार्किंगमध्ये ठेवायची आणि चालत आत जायचं, हा नियम एकदाही मोडू नका. पेट्रोल स्वतः भरलं तर स्वस्त पडतं.

शेतघर म्हणजे आग्रितुरिस्मो. शेतकऱ्याने आपल्याच शेतावर पाहुणे ठेवायचे, अशी कायद्याने आखलेली सोय. आमच्या घरची बाई सकाळी नाश्त्याला बसवून विचारायची, रात्री जेवणार का? हो म्हटलं तर तिच्याच मळ्यातलं शिजायचं. जवळचं पिएंत्सा हे पोप दुसरा पायस याचं जन्मगाव. त्याने १४५९ पासून वास्तुकार रॉस्सेल्लिनोकडून ते नव्याने बांधून घेतलं. गाव तासाभरात पाहून होतं, पण तटावरून दिसणारी वाल दॉर्चाची दरी बघत आम्ही संपूर्ण दुपार काढली. बान्यो विन्योनीला गावाच्या चौकातच गरम पाण्याचं कुंड आहे. त्यात उतरायला मनाई आहे, खालच्या बाजूला वाहत्या पाण्यात पाय सोडता येतात. दिवसाला एकच गाव पाहा. दुपारी एक ते चार बरंच काही बंद असतं आणि हॉटेलांत रात्रीचं जेवण साडेसातच्या आत मिळत नाही. आम्ही दुपारच्या त्या वेळेत झोपायचो.

तिसरा मुक्काम बहुतेकांच्या यादीत नसतो. मराठी माणसाने तो ठेवावा असं मला मनापासून वाटतं. चित्ता दी कास्तेल्लोजवळच्या टेकडीवर मोंतोने नावाचं छोटं गाव आहे. या खोऱ्यात दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे लढले. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे ठाण्यावर धावून गेले. ग्रेनेडने मशीनगन थंड केली, गोळ्या पुन्हा भरायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि ठाणं घेतल्यावर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. वय अवघं बावीस. माणगाव तालुक्यातल्या या पोराला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. त्यांचं शव सापडलं नाही, नाव इटलीतल्याच कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर कोरलेलं आहे. २०२३च्या जुलैत मोंतोनेत त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक उभं राहिलं. आईने तिथे नाव मोठ्याने वाचलं आणि बराच वेळ हात जोडून उभी राहिली. आपल्याकडे त्यांच्याबद्दल किती कमी बोललं जातं याचं मला फार वाईट वाटलं.

इथूनच सानसेपोल्क्रो अर्ध्या तासावर आहे. चित्रकार पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं ‘पुनरुत्थान’ हे भित्तिचित्र तिथल्या पालिकेच्या संग्रहालयात आहे. गर्दी नसते, समोर बसून पाहता येतं.

रेल्वेबद्दल थोडं. लोकल गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, आधी आरक्षण नको. पण कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या. वेगवान गाड्यांची तिकिटं मात्र लवकर काढली तर खूप स्वस्त पडतात. संप वारंवार होतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक लोकल गाड्या तरीही चालतात, त्या वेळा धरून बेत करा. पर्यटक-कर दर माणशी दर रात्री वेगळा भरावा लागतो आणि काही घरमालक तो रोखच मागतात, म्हणून सुटे युरो जवळ ठेवा.

परतीचं विमान रोमहून घ्या आणि आदल्या रात्री ओर्व्हिएतोला थांबा. गाडी खाली स्टेशनजवळ परत करून फ्युनिक्युलरने (चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने) कड्यावरच्या गावात जाता येतं. दुसऱ्या गावात गाडी सोडायचे जादा पैसे पडतात, ते आधीच विचारून घ्या. तिथली सान पात्रित्सिओची विहीर २४८ पायऱ्यांची आहे. उतरणाऱ्यांची वाट वेगळी आणि चढणाऱ्यांची वेगळी. गुडघे धड असणाऱ्यांनीच उतरावं, आई वरच कॉफी घेत बसली. सकाळी ओर्व्हिएतोहून रोमच्या तेर्मिनी स्टेशनला साधारण सव्वा तास आणि तिथून विमानतळाच्या थेट गाडीने ३२ मिनिटं लागतात.