घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलताना : माझा अनुभव

आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या कनेक्शनचा पत्ता, बदलण्याआधी मी राउटरचं सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडून वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) पाहिला. पान उघडायचा पत्ता बऱ्याचदा १९२.१६८.१.१ असतो, नसेल तर राउटरच्या तळाशी स्टिकरवर सापडतो. मग त्याच वायफायवरून आपला आयपी दाखवणाऱ्या साइटवरचा आकडा ताडून पाहिला. या वेळी व्हीपीएन (दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेट वापरायची सोय) बंद हवं, नाहीतर त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. दोन्ही आकडे जुळले, तर पब्लिक आयपी, म्हणजे बाहेर इंटरनेटवर दिसणारा पत्ता, आपल्या एकट्याचा. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर आपण सीजीनॅटमागे आहोत. म्हणजे बाहेर दिसणारा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी तो बदलेलच असं नाही.

माझं कनेक्शन पीपीपीओईचं, म्हणजे राउटर युजरनेम-पासवर्डने लॉगिन करतो असं, आणि आकडे जुळणारं. आधी युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (वॅनच्या पानावरचा, कंपनीने दिलेला क्रमांक) कागदावर उतरवून घेतला. हे न करता रिसेटच्या भोकात पिन घातली, तर सगळं पुसलं जातं आणि नेट थेट बंद पडतं. आयपी बदलायला रिसेट लागतच नाही.

वॅनच्या पानावर डिस्कनेक्ट दाबायचं, काही मिनिटं थांबायचं, मग कनेक्ट. नुसतं बटण बंद करण्यापेक्षा हे बरं. अचानक वीज तोडली की कंपनीच्या बाजूला जुनं सेशन थोडा वेळ लटकून राहतं आणि नवं लॉगिन नाकारलं जाऊ शकतं. शिवाय राउटर मिनी यूपीएसवर असेल, तर भिंतीवरचं बटण बंद करून तो बंदच होत नाही! डीएचसीपीवाल्यांना, म्हणजे लॉगिनशिवाय आपोआप पत्ता मिळणाऱ्यांना, मात्र लीजची (पत्ता दिल्याची) मुदत संपेपर्यंत बहुधा तोच आयपी परत मिळतो. राउटरच्या मॅक क्लोन सेटिंगमध्ये मॅक (उपकरणाचा ओळख क्रमांक) बदलला तर नवा मिळू शकतो, पण कंपनीने जुना मॅक कनेक्शनशी बांधून ठेवला असेल तर नेट जातं. मग जुना मॅक परत टाकावा.

विंडोजमधली आयपीकॉन्फिग रिलीज ही कमांड यासाठी कामाची नाही. तिने बदलला तर फक्त घरातला पत्ता बदलतो.

कोणी ठरवून आपल्याच पत्त्यावर ट्रॅफिकचा मारा करत असेल, तर नवा आयपी खरंच सुटका करतो. उघड्या पोर्टवर (बाहेरून आत यायला मोकळ्या राहिलेल्या वाटेवर) मात्र नवा आयपी हा इलाज नाही. २०१३ साली आलेलं झीमॅप हे इंटरनेट स्कॅन करणारं सॉफ्टवेअर एका पोर्टसाठी आयपीव्ही४ चे (चार आकड्यांच्या नेहमीच्या आयपीचे) सगळे पब्लिक पत्ते पाऊण तासात तपासू शकत होतं. तुमचा नवा पत्ताही त्यांतलाच. म्हणून त्याच बैठकीत रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरचं पान उघडू देणारी सोय) आणि यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद केलं, ॲडमिनचा पासवर्ड बदलला आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी (रेकॉर्डरसाठी) केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट त्याच्यापर्यंत उघडलेली वाट, काढून टाकलं. सीसीटीव्ही बसवणारे ते उघडून जातात आणि डीव्हीआरचा पासवर्ड बऱ्याचदा कंपनीचा मूळचाच राहतो.

शेवटी मोबाइलचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून ब्राउझरमध्ये नवा आयपी टाकून पाहावा. राउटरचं किंवा डीव्हीआरचं लॉगिन पान दिसलं, तर काहीतरी अजून उघडं आहे.