तो मॅक्रो मी चालवला नाही

नारायण पेठेत डीटीपी, म्हणजे संगणकावर पुस्तकांची जुळणी, करताना प्रबंध, स्मरणिका, गौरवग्रंथ सतत हाताखालून जातात. त्यातल्या एका गौरवग्रंथाची वर्ड फाइल मी विसरणार नाही. लेखक अनेक, प्रत्येकाचा टायपिस्ट वेगळा, काहींनी इंटरनेटवरून उतारे आणून डकवलेले. स्टाइलची, म्हणजे मजकुराचा फॉन्ट, आकार वगैरे ठरवून ठेवणाऱ्या साच्यांची, यादी उघडली तर संपेचना. ‘नॉर्मल वेब’, ‘स्टाइल1’, ‘हेडिंग 1 कॅर कॅर’... फाइल इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली की हा लवाजमा तिकडेही येऊ शकतो आणि मग मांडणी करणाऱ्याचा जीव जातो.

संपादक सर घाईला आले होते. “ताई, त्या रिकाम्या स्टाइल उडवून टाका हो, प्रेसवाले थांबलेत.” न वापरलेल्या स्टाइल आपोआप पुसणारा एक मॅक्रोही (वर्डमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम) त्यांनी कुठूनसा मिळवला होता. मी तो आधी वाचून काढला. तो फक्त मुख्य मजकूर तपासत होता! तळटिपा, पानाच्या डोक्यावरची पट्टी, टेक्स्ट बॉक्स हे वर्डच्या लेखी वेगळे कप्पे. लेखकांनी तळटिपांसाठी केलेली ‘टीप’ ही स्टाइल त्याला रिकामीच दिसली असती. ती गेली असती तर सगळ्या तळटिपा वर्डच्या मूळच्या ‘नॉर्मल’ स्टाइलमध्ये जाऊन मुख्य मजकुराएवढ्या झाल्या असत्या. संशोधनाच्या ग्रंथात अर्धा जीव तळटिपांत असतो, त्यांच्याशी असा खेळ मला चालत नाही.

‘स्टाइल1’चं प्रकरण आणखी नाजूक. तिच्यात एकही परिच्छेद नव्हता, पण अवतरणांची आणि तक्त्यांची स्टाइल तिच्यावरच बेतलेली. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथूनच खाली उतरत होता. वर्ड हे दोन्ही रोमनपासून वेगळे, देवनागरीसारख्या लिप्यांसाठीच्या ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या खान्यात ठेवतं, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला ते दिसतही नाही.

फाइलची प्रत बाजूला ठेवली. अवतरण आणि तक्ता यांना त्यांचा फॉन्ट, आकार थेट नेमून दिला आणि मगच ‘बेस्ड ऑन’, म्हणजे त्या कोणत्या स्टाइलवर बेतल्यात ते, बदललं. एकाच कामाच्या चार-चार स्टाइल होत्या, त्या फाइंड-रिप्लेसने एकीत आणल्या. तळटिपांत शिरून तिथेही तोच शोध घेतला. उरलेल्या खरोखर रिकाम्या स्टाइल वर्डच्या ‘ऑर्गनायझर’ या खिडकीत एकगठ्ठा निवडून पुसल्या. ‘हेडिंग 1’सारख्या वर्डच्या स्वतःच्या स्टाइल पुसल्या जातच नाहीत, त्या यादीतून लपवल्या.

सरांनी तळटिपा एकेक करून तपासल्या. पुढच्या ग्रंथाला लेखकांना आधीच टेम्प्लेट (स्टाइल ठरवून ठेवलेली नमुना फाइल) पाठवायची, असं त्यांनी तिथेच ठरवलं. तिच्या पहिल्या पानावर मी ठळक अक्षरात लिहिलं: बाहेरचा उतारा डकवताना ‘फक्त मजकूर’ हाच पर्याय निवडा.