क्लॅव्हुलॅनिकला भीक न घालणारा ई. कोलाय : माझा एम.एस्सी. प्रोजेक्ट

शिवाजी विद्यापीठात मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या सत्राला मी बीटा-लॅक्टमेज, म्हणजे पेनिसिलिनसारखी अँटिबायोटिक्स तोडणारी जिवाणूंची एन्झाइम्स, हा विषय घेतला, तेव्हा सीनियर म्हणाली, "प्लेटा टाकून टाकून हात दुखतील गं, पण व्हायव्हात बोलायला भरपूर मिळेल." दोन्ही खरं ठरलं.

शहरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमधून, रुग्णांची नावं काढून, लघवीतले ई. कोलाय मिळाले. म्युलर-हिंटन अगारवर जिवाणूंचं लॉन करायचं, अँटिबायोटिकच्या डिस्क ठेवायच्या, रात्रभर ३५ अंशांवर ठेवून सकाळी झोन, म्हणजे डिस्कभोवतीची वाढ न झालेली वर्तुळं, मोजायचे. वीज गेली की आधी इन्क्युबेटरकडे धाव. त्यातला एक आयसोलेट विचित्र निघाला. सेफोटॅक्सिमभोवती स्वच्छ, ऐसपैस झोन. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकच्या डिस्कला मात्र वाढ जवळपास चिकटलेली. १३ मिलिमीटर किंवा कमी म्हणजे रेझिस्टंट. इथं पट्टी लावायचीही गरज नव्हती.

क्लॅव्हुलॅनिकचं काम एन्झाइममध्ये अडकून बसायचं, म्हणजे अमॉक्सिसिलिन वाचतं. यातून सुटायला जिवाणूला दोन वाटा. एक, एन्झाइमच बदलायचं : टेम नावाच्या बीटा-लॅक्टमेजमध्ये २४४व्या जागेवरचं आर्जिनिन जाऊन सेरीन आलं की क्लॅव्हुलॅनिकची पकड ढिली पडते. पण फुकट नाही, पेनिसिलिन तोडायचा वेगही मंदावतो. दुसरी वाट रांगडी : तेच जुनं एन्झाइम भरमसाट बनवायचं. रंकाळ्यावर गळ टाकून बसलेल्याकडे आमिष मूठभर आणि मासे हजार, तशी गत. सेफोटॅक्सिम तोडणं दोन्हींत फारसं जमत नाही, त्यामुळे नुसती प्लेट बघून वाट कोणती ते कळत नाही.

मला पहिली वाट हवी होती, खरं सांगते. सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेतलं. निकाल आला साधं टेम-१, अथेन्समधल्या रुग्णाच्या ई. कोलायमुळे १९६५ साली जगाला कळलेलं तेच. बदल होता प्रमोटरमध्ये, म्हणजे एन्झाइम किती बनवायचं ते ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यात. थोडक्यात, दुसरी वाट. माझा चेहरा बघून मॅडम म्हणाल्या, "अगं, पेशंटमध्ये हेच जास्त सापडतं. लिहायला घे."

व्हायव्हात बाहेरच्या सरांनी टेम सोडून थेट अविबॅक्टॅमवर, म्हणजे बीटा-लॅक्टमेज रोखणाऱ्या नव्या औषधावर, घेतलं. केपीसी या मेरोपेनेमही तोडणाऱ्या बीटा-लॅक्टमेजमध्ये १७९व्या जागी अ‍ॅस्पार्टेटचं टायरोसिन झालं की सेफ्टाझिडिम-अविबॅक्टॅम लागू पडत नाही, पण मेरोपेनेम पुष्कळदा पुन्हा लागू पडतं, असं मी सांगितलं.

"मग नुसतं मेरोपेनेम द्यायचं?"

"नको सर. त्याच्या माऱ्याखाली जुनं रूप परत येऊ शकतं."

"आणि एनडीएम असेल तर?"

"तिथं अविबॅक्टॅम चालतच नाही, सर. एनडीएम हे बीटा-लॅक्टमेज झिंकवर काम करतं."