थंडरबर्डमधली माझी पट्टी

इंदूरच्या सियागंज बाजारातल्या आमच्या मसाल्याच्या ठोक दुकानाचे ई-मेल मी बघते. रोज तीच तीन उत्तरं: भावपत्रक, माल रवाना झाला, आणि ‘आधी मागची बाकी’. तिसरं लिहिताना बोटं जरा जास्तच जोरात चालतात, म्हणून ते एकदाच, चहा पिऊन शांतपणे लिहून ठेवलं.

थंडरबर्ड या ई-मेलच्या प्रोग्राममध्ये क्विकटेक्स्ट नावाचं अ‍ॅड-ऑन (वरून जोडायची छोटी सोय) टाकलं. आता नवं पत्र उघडलं की त्यात एक जादा पट्टी दिसते. आपण लिहून ठेवलेल्या नमुना-उत्तरांचे गट तिथे ओळीनं मांडलेले. गट उघडा, नमुना निवडा, मजकूर पत्रात हजर. नमुन्यात दुहेरी चौकोनी कंसात खूण ठेवली की समोरच्याचं नाव आपोआप बसतं.

पण नाव ते ‘प्रति’च्या रकान्यातून उचलतं. मी आधी नमुना टाकला, पत्ता नंतर. उज्जैनच्या जुन्या गिऱ्हाइकाला नुसतं ‘आदरणीय जी’ गेलं! तेव्हापासून आधी पत्ता, मग पट्टी.

आबा (माझे सासरे) चष्मा कपाळावर चढवून डोकावले. “सूनबाई, उधारी वसूल करायचं बटन कुठंय यात?”