कॅसलरॉकला जाताय? मीठ घ्या

आषाढात बेळगावहून गोव्याच्या गाडीत बसलेला जो तो दूधसागरची वाट बघत असतो. मी यंदा त्याआधीच, कर्नाटकातल्या, गोव्याच्या हद्दीलगतच्या कॅसलरॉकला उतरलो. खानापूर, लोंढा, तिनईघाट करत गाडी धुक्यात शिरते आणि स्टेशन आलंय हे पाटी दिसल्यावरच कळतं.

गाव मूठभर, पण गाडी निवांत थांबते. पुढं गोव्यातल्या कुळे स्टेशनापर्यंत घाट आहे: ३७ फूट पुढं गेलं की एक फूट खाली. त्यामुळं उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक इथं तपासतात. चढणीला मागून रेटणारी इंजिनं, म्हणजे ‘बँकर’, इथंच सुटी होतात. छत्री धरून ते बघण्यात माझा अर्धा तास गेला.

खरी गंमत स्टेशनच्या इतिहासात आहे. १८७८ साली इंग्रज-पोर्तुगीज करार झाला. दोन्हीकडची जकात एक, गोव्यातल्या मिठाचा मक्ता इंग्रजांकडं आणि मुरगाव बंदरापासून रेल्वे. १८८८ पर्यंत मीटरगेज रूळ घाट चढून कॅसलरॉकला सदर्न मराठा रेल्वेला भिडले. आणि १८९२ मध्ये करारच संपला! रूळ चार वर्षांचे होतात न होतात तोच हद्दीवर पुन्हा जकात. इकडं कॅसलरॉकला आणि तिकडं कुळ्याला, प्रवाशांनी दोनदा ट्रंका उघडून दाखवायच्या. १९५५ मध्ये भारतानं गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा गाडीच बंद पडली, ती गोवा मुक्त झाल्यावर सुरू झाली.

आता कामाचं. परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, मोबाईलच्या रेंजवर विसंबू नका. खायचं लोंढ्यालाच घ्या. रुळांवरून चालत दूधसागर गाठायचं डोक्यातून काढा. बंदी आहे, दंड होतो, आणि बोगद्यात गाडी आली तर सरकायला जागा नसते. जवळून धबधबा बघायचा तर पावसाळा सरल्यावर कुळ्याहून जीप सुरू होतात, तेव्हा जा.

आणि जळवा! स्टेशनमागच्या पायवाटेवर दहा मिनिटं फिरलो तर मोजा लालभडक. लाकडाचा भारा घेऊन चाललेल्या एक मावशी थांबल्या.

“मीठ आणलं न्हाईसा व्हय?”

ज्या मिठापायी एवढे करारमदार झाले, त्याची पुडी माझ्या स्वयंपाकघरातच राहिली होती. मावशींनी कनवटीची तंबाखू चोळून लावली, तशी जळू गळून पडली. मोजा मात्र टाकूनच द्यावा लागला.