लेझरची कड

कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या एका चार फुटी, समुद्री माशांच्या टाकीचा सम्प, म्हणजे टाकीखाली कॅबिनेटमध्ये बसणारी पाण्याची पेटी, जुलैच्या ऐन पावसात उद्यमनगरच्या माझ्या शेडमध्ये आला. ६ मिमी ॲक्रेलिक, बाहेरून ९०० × ४०० × ३००, आत तीन बॅफल, म्हणजे कप्पे पाडणाऱ्या आडव्या पट्ट्या. तक्रारी दोन. लाइट गेली की कॅबिनेटमध्ये पाणी सांडतं, आणि दुसऱ्याच दिवशी रिटर्न पंप, म्हणजे सम्पमधलं पाणी वर टाकीत ढकलणारा पंप, हवा ओढायला लागतो.

पहिल्या तक्रारीत सम्पचा दोष नव्हता. टाकी १२०० × ४५०, म्हणजे १ मिमी पातळी उतरली की अर्धा लिटरहून जास्त पाणी खाली. रिटर्नचं नोझल पाण्याखाली ७५ मिमी, पंप थांबल्यावर पाइपात हवा घेऊन उलटा ओघ (सायफन) तोडायचं भोक शेवाळाने बुजलेलं. लाइट गेली की ४० लिटर उलटे, वर पाइपातले तीन. तेवढ्याने सम्प सव्वाशे मिमी चढतो, आणि तो आधीच २०० भरलेला. नोझल १५ मिमीवर घेतलं, भोक मोकळं केलं; अकरा लिटरांत काम भागलं. लोक त्यासाठी मोठा सम्प मागतात.

पंप बसतो तो रिटर्नचा कप्पा मात्र खरंच तोकडा होता. लांबी १५०, आतली रुंदी ३८८. एक लिटर उडालं की पातळी १७ मिमी खाली. या टाकीतून रोज चार लिटर उडायचे. बनवणाऱ्याने बॅफलमध्ये ८०-८० मिमी जागा उगाच सोडलेली. ३० पुरते; त्याहून फार कमी केलं तर पाण्याचा वेग वाढून बुडबुडे पंपापर्यंत ओढले जातात. मधली आणि तिसरी बॅफल काढून पुढे सरकवली की रिटर्न २५० होतो आणि लिटरमागे पातळी दहाच मिमी उतरते.

जुनी बॅफल उचकटायची नाही. नीट बसलेला सांधा भिंतीचा पापुद्रा घेऊनच निघतो. भिंतीपासून ३ मिमी सोडून थरथरत्या पात्याच्या मल्टिटूलने कापायचं, तेही थांबत थांबत. पातं तापलं की मागचा काप वितळून पुन्हा चिकटतो. भिंतीला उरलेली ३ मिमीची कड तशीच ठेवायची. तिसऱ्या बॅफलची उंची १९० घेतली, कारण ताशी २००० लिटर प्रवाहात तिच्यावरून ८-९ मिमी जाड पाणी वाहतं आणि स्किमरला (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) पाण्याची पातळी २०० हवी होती.

दोन्ही नवे तुकडे लेझरवर कापून आले. कापणारा पोरगा म्हणाला, "कड बघा की, काच हाय काच!" तीच तर भानगड. लेझर कड वितळवत जातो, ती थिजताना आत ताण राहतो, आणि अशा कडेला सॉल्व्हंट (ॲक्रेलिक विरघळवून सांधा जोडणारं द्रव) लागलं की केसाएवढ्या रेघा फुटतात. उपाय दोन. एक तर तुकडे ८० अंशांवर काही तास ठेवून भट्टीतच हळूहळू थंड करायचे, नाहीतर कड स्क्रॅपरने खरवडून मॅट करायची. मी खरवडली, पण फक्त खालची. उभ्या कडा राहिल्या. मासे ड्रममध्ये होते आणि मालकांचा तिसरा फोन आला होता.

सांध्यात बारीक तारा ठेवून डायक्लोरोमिथेन हे सॉल्व्हंट सिरिंजने सोडलं, अर्ध्या मिनिटाने तारा ओढल्या. त्याची वाफ हवेपेक्षा जड, सम्पच्या तळाशी साचते. डोकं आत घालून काम करणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. दमट हवेत सांधा पांढरा पडतो, कारण सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होऊन बाष्प धरतो. म्हणून आधी दिवा लावून तुकडे कोमट केले होते. सांधे स्वच्छ आले. ४८ तास वाळवून काठोकाठ पाणी भरलं, २४ तास ठेवलं. थेंब नाही.

रेघा दिसल्या त्या टाकी सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी. नव्या बॅफलच्या उभ्या कडेला आल्या त्याचं काही नाही, तिथे दोन्ही बाजूंनी पाणी असल्यामुळे भार नगण्य. पण दोन रेघा बाहेरच्या भिंतीत, तळाच्या सांध्याला लागून आहेत, आणि तिथे पाण्याचा दाब सगळ्यात जास्त. सॉल्व्हंट ओघळून तिथवर गेलं एवढं नक्की. भिंतीची खालची कडही मुळात लेझरचीच असावी. कारखान्यातून आलेल्या मालाची कड चिकटवल्यावर ओळखता येत नाही.

बाहेरून पट्टी लावावी तर पुन्हा सॉल्व्हंट, म्हणजे पुन्हा रेघा. सिलिकॉन ॲक्रेलिकला नीट धरत नाही. नवा सम्प माझ्या खर्चाने देतो म्हटलं, तर मालक म्हणाले, "राहू दे वो, गळत नाही ना?" शेवटी मार्करने रेघांच्या टोकांवर खुणा करून शेजारी तारीख घातली. दर रविवारी ते फोटो पाठवतात. डावी रेघ आहे तिथेच आहे. उजवी गेल्या तीन आठवड्यांत खुणेच्या दोन मिमी पुढे गेली आहे. नव्या सम्पची शीट मी आणून ठेवली आहे, लेझरऐवजी राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याच्या यंत्रावर, कापायला.