पिवळ्याखालचे अस्तर

"काका, पिवळा तो पिवळाच, त्यात एवढं काय निवडायचं?" असे विमानाच्या छोट्या प्रतिकृतीसाठी रंग निवडताना बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानातील मुलाने आज सहज विचारले आणि ते दिवसभर डोक्यात घोळत राहिले.

पिवळ्या रंगाची झाकण्याची ताकद मुळातच कमी असल्यामुळे हार्वर्ड या प्रशिक्षण विमानाच्या १/७२ प्रमाणातल्या प्रतिकृतीच्या करड्या प्लास्टिकवर तो हिरवट दिसतो. म्हणून आधी फिकट गुलाबी अस्तर द्यावे आणि त्यावर पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच. तामिया कंपनीचे ॲक्रिलिक रंग फवाऱ्याला उत्तम, पण ब्रशने दुसरा हात देताना खालचा थर उचलून येतो. व्हालेहो कंपनीचा 'मॉडेल कलर' हा रंग पाण्यात मिसळतो, ब्रशला तोच बरा (महाग आहे, हे मान्य).

टिळकवाडी-शहापुरात कोणी गुलाबीऐवजी दुसरे अस्तर वापरते का?